‘दार’ : दोन अक्षरे आणि जमिनीचा इतिहास

१.
परभणीच्या तहसील कार्यालयाच्या आवारात तासभर थांबले, तरी एकाच शेवटाचे शब्द पुन्हा पुन्हा कानांवर पडतात. आत तहसीलदार. बाहेर रस्त्याच्या कामाचे बिल घेऊन आलेला गुत्तेदार. रांगेत उभा असलेला खातेदार. त्याच्या हातातील सात-बाऱ्यावर ‘भोगवटादार’ हे शीर्षक. आणि त्याचे शेत ज्याच्या भरवशावर मागे राहिले आहे, तो सालदार. या पाचही शब्दांच्या अखेरीस तीच दोन अक्षरे आहेत. ती मराठीत कोठून आली आणि त्यांनी काय काय पाहिले, याचा हा मागोवा.

२.
‘दार’ हा मूळचा फारसी प्रत्यय. ‘दाश्तन’ म्हणजे धरणे, बाळगणे, राखणे; त्या क्रियापदाचे वर्तमानकाळी अंग ‘दार’. म्हणून जमीनदार म्हणजे जमीन धरणारा आणि किल्लेदार म्हणजे किल्ला राखणारा. ‘सरदार’ शब्दातील ‘सर’ म्हणजे डोके. संस्कृत ‘शिरस्’ हे त्याचेच भावंड.

३.
शब्द परका, तरी घराणे मात्र आपल्याच ओळखीचे आहे. संस्कृत ‘धृ’ या धातूपासून धारण, सूत्रधार, कर्णधार, गंगाधर हे शब्द झाले. इराणी भाषांत ‘ध’चा महाप्राण गळून ‘द’ उरला, जसा ‘भ्रातृ’मधील ‘भ’ फारसी ‘बिरादर’मध्ये ‘ब’ झाला. बेहिस्तूनच्या कड्यावर शिलालेख कोरविणाऱ्या इराणी सम्राटाचे नाव ‘दारयवहुश’, म्हणजे चांगले ते धारण करणारा; ग्रीकांनी त्याचे ‘डेरियस’ केले. सम्राटाच्या नावाचा आरंभ आणि आपल्या हवालदाराचा शेवट एकाच धातूतून निघाले आहेत.

४.
अक्षरे सारखी दिसली म्हणजे मूळ एकच, असे मात्र समजू नये. घराचे ‘दार’ संस्कृत ‘द्वार’पासून आले. ‘देवदार’मध्ये ‘दारु’ म्हणजे लाकूड आहे. ‘केदार’ आणि ‘उदार’ हे शुद्ध संस्कृत शब्द. ‘गद्दार’ तर अरबी. त्यात ग-द-र हा विश्वासघाताचा धातू आहे, धरण्याचा काहीही संबंध नाही. शब्दाचे मूळ शोधताना कानापेक्षा कागदावर विश्वास ठेवावा लागतो.

५.
१३४७ मध्ये दक्षिणेत बहमनी सत्ता उभी राहिली आणि फारसी ही दरबाराची व दप्तराची भाषा झाली. पुढच्या शतकांत अरबी नामाला फारसी ‘दार’ जोडून पदनामांची रांगच तयार झाली. तहसील म्हणजे वसुली, म्हणून तहसीलदार. हवाला म्हणजे सोपवणे, म्हणून हवालदार. मजमू म्हणजे एकूण बेरीज, म्हणून हिशेब तपासणारा मुजुमदार. खजिन्याची ‘फोता’ सांभाळणारा फोतेदार मराठीत पोतदार झाला. कालांतराने पदे गेली आणि आडनावे उरली.

६.
शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हे सर्वज्ञात आहे. तरीही ‘दार’ टिकला, कारण तोवर तो दरबारातून गावात उतरला होता. बलुते या गावच्या शब्दाला तो चिकटला आणि बलुतेदार झाला. चवदार, पाणीदार, टोकदार, डौलदार या शब्दांत तर धरणारा माणूसही उरला नाही, गुणच तेवढा राहिला. गुत्तेदार हे मिश्रण आणखी विलक्षण आहे. कन्नड ‘गुत्तिगे’ आणि तेलुगू ‘गुत्ता’ म्हणजे ठेका. पुण्याकडचा ठेकेदार मराठवाड्यात गुत्तेदार होतो, कारण या प्रदेशाने मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच राज्याच्या छत्राखाली दीर्घकाळ ऐकल्या.

७.
ते राज्य निजामाचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे ‘जमादार’ या शब्दाचा दरारा होता. ‘जमा’ म्हणजे जमाव. जमादार म्हणजे तुकडीचा नायक. हैदराबादचे अरब जमादार सैन्य बाळगत, सरकारला कर्ज देत आणि तारण म्हणून मुलखाची वसुली ताब्यात घेत. आज हिंदी पट्ट्यात हाच शब्द झाडूवाल्यासाठी वापरला जातो. हवालदारही एके काळी किल्ल्याचा प्रमुख अधिकारी असे. आज तो पोलीस दलाच्या खालच्या पायरीवर आहे. सत्ता बदलते, तेव्हा शब्दांचीही पदावनती होते.

८.
पहिल्या सालारजंगाने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली. ठेक्याने वसुली करणाऱ्यांच्या जागी पगारी अधिकारी आले. जिल्ह्याचा प्रमुख ‘अव्वल तालुकदार’ आणि तालुक्याचा तहसीलदार. ‘तअल्लुक’ म्हणजे संबंध. ज्याच्याशी ज्या मुलखाचा संबंध, तो त्याचा तालुकदार. परभणीचा आजचा जिल्हाधिकारी निजामकाळात याच नावाने ओळखला गेला असता. तिकडे मुंबई इलाख्यात तालुक्याचा अधिकारी मामलेदार होता. पुढे महाराष्ट्रभर तहसीलदार हेच नाव अधिकृत झाले. जुना मामलेदार ठाण्याच्या प्रसिद्ध मिसळीच्या नावात तेवढा उरला.

९.
मात्र सरकारी अधिकाऱ्यांचा अंमल सर्व गावांवर नव्हता. काही मुलूख थेट निजामाच्या खाजगी मालकीचा, म्हणजे सर्फ-ए-खास, काही जहागिरीत. ‘जा’ म्हणजे जागा आणि ‘गीर’ म्हणजे घेणारा. जहागीरदार गावाचा महसूल धरी, आणि मोठ्या जहागिरींत कारभाराचे इतर अधिकारही. इनामदार करमाफीची जमीन धरी. मक्तेदार ठरावीक रकमेवर वसुलीचा हक्क धरी. आजचा ‘मक्तेदारी’ शब्द त्याचाच वारस. या सर्वांचे धरणे वेगवेगळे होते, पण नांगर मात्र कोणाच्याच हातात नव्हता.

१०.
नांगर धरणाऱ्यालाही एक ‘दार’ मिळाला होता, तो म्हणजे शिकमीदार. सरकारी नोंदीत ज्याचे नाव, तो पट्टेदार; त्याच्या आडोशाने जमीन धरणारा तो शिकमीदार. १३१७ फसलीच्या, म्हणजे १९०७-०८ च्या, हैदराबाद जमीन महसूल कायद्याच्या परिभाषेत हे दोन्ही शब्द आहेत. फारसीत ‘शिकम’ म्हणजे पोट. दुसऱ्याच्या हक्काच्या पोटात ज्याचा हक्क, तो शिकमी. मराठी महसुली भाषेतील ‘पोटहिस्सा’ आणि ‘पोटकूळ’ हीच प्रतिमा बोलतात. ज्याच्या कष्टावर इतरांची पोटे भरत, त्याला दप्तराने दुसऱ्याच्या पोटात बसवले होते.

११.
१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. ऑगस्ट १९४९ च्या नियमनाने जहागिरी रद्द झाल्या. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही ओळख निर्माण केली. १९५४ चा कायदा इनामांवर आला. शतकानुशतके रुळलेले शब्द पाच-सहा वर्षांत कायद्याच्या भाषेतून हद्दपार झाले. दारावरच्या पाटीवर जहागीरदार, इनामदार ही नावे राहिली. त्यामागचे गाव मात्र गेले.

१२.
तरीही प्रत्यय गेला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या मराठी परिभाषेत तो ‘भोगवटादार’ बनून परतला. अस्सल मराठी ‘भोगवटा’ आणि फारसी ‘दार’. वर्ग १ चा भोगवटादार जमीन मोकळेपणाने विकू शकतो. वर्ग २ च्या जमिनीवर हस्तांतराची बंधने असतात. मराठवाड्यात अनेक जुन्या इनाम जमिनींपुढे हा ‘२’ आजही दिसतो. एका आकड्यात निजामकाळ शिल्लक आहे.

१३.
आणि सालदार? परभणीकडे ‘सालगडी’ हा शब्द अधिक रूढ आहे. सालदार हे त्याचेच दुसरे नाव. गुढीपाडव्याला करार होतो आणि पुढच्या पाडव्याला संपतो. आधी घेतलेली उचल फिटली नाही, तर पुढचे सालही त्याच धन्याकडे. शब्दाच्या रचनेप्रमाणे तो ‘साल धरणारा’. वस्तुतः सालानेच त्याला धरलेले असते. जहागीरदार आणि सालदार यांना भाषेने एकच प्रत्यय दिला. एकाने गाव धरले, दुसऱ्याच्या हाती स्वतःचे एक वर्षही राहिले नाही.

१४.
म्हणून जुन्या कागदात कोणताही ‘दार’ आढळला, तर तीन प्रश्न विचारावेत. हा नेमके काय धरतो? कोणाच्या वतीने धरतो? आणि ते काढून घेण्याचा अधिकार कोणाला आहे? तहसीलदार, वतनदार, शिकमीदार, सालदार यांची उत्तरे शेजारी शेजारी मांडली, की दख्खनच्या समाजाची उतरंड डोळ्यांसमोर उभी राहते.

१५.
जिंतूर, पाथरी, सेलू, गंगाखेड या तालुक्यांतील कितीतरी घरांच्या पेट्यांत उर्दू आणि मोडीतील असे कागद अजून आहेत. ते वाचता येत नाहीत म्हणून टाकून देऊ नयेत. त्यांत एखाद्या ओळीच्या अखेरीस ही दोन अक्षरे असतील, आणि त्यांच्या आधीचा शब्द त्या घराने काय धरले होते, किंवा त्या घराला कोणी धरून ठेवले होते, हे सांगत असेल.