वत्सगुल्म, अजिंठा आणि संगणकाची गाळणी

आपल्या वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. पाचव्या शतकात येथील वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. अजिंठ्याची चित्रे आज जागोजागी झडली आहेत. १९२०-२२ मध्ये निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी त्यांवर लावलेले लाखेचे रोगणही पुढे पिवळे पडले.

अशा चित्राचे छायाचित्र संगणकावर घेतले की त्याचे ठिपके होतात आणि प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाला ० ते २५५ मधला एक आकडा मिळतो. बारीक पांढरे डाग काढायला ‘मीडियन फिल्टर’ नावाची गाळणी वापरतात. १९७०च्या दशकात जॉन ट्यूकी या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने मांडलेली ही रीत. एक ठिपका आणि त्याचे ८ शेजारी, असे ९ आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला घ्यायचा. शेजारी सारे ९०च्या आसपास आणि एकटा २५५ असेल, तर तो गळतो.

पण राणीच्या हारातल्या मोत्यावरची चमकही अशीच एकटी असते. डाग कोणता आणि मोती कोणता, हे गाळणीला कळत नाही. म्हणून माझे सांगणे एवढेच, की स्वच्छ केलेली प्रत जरूर पाहावी, पण मूळ छायाचित्र जिवापाड जपावे. एकदा गळलेला मोती त्या प्रतीतून पुन्हा मिळत नाही.