आघात तिथेच राहिला: इटालियन क्रियापदांची एक जुनी गोष्ट

इटालियनमध्ये नुसतं 'कापितानो' लिहिलेलं दिसलं तर ते कसं वाचायचं? 'ता'वर आघात दिला तर 'कप्तान', 'का'वर दिला तर 'घडतात'. 'नो'वर दिला तर 'त्याने नेतृत्व केलं', आणि फक्त तेव्हाच शेवटच्या स्वरावर आघातचिन्ह लिहावं लागतं. मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्याला हे विचित्र वाटतं.

इटालियन आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो (अक्षर म्हणजे इथे उच्चारातलं, लिपीतलं नव्हे), बऱ्याचदा तिसऱ्यावर. मग 'घडतात'मध्ये तो चौथ्यावर कसा गेला? अपवादांच्या यादीत टाकून मोकळं होता येईल. पण थांबा, आधी लॅटिन बघू.

तीन किंवा जास्त अक्षरांच्या लॅटिन शब्दाचा नियम कडक होता. शेवटून दुसरं अक्षर जड असेल, म्हणजे त्यात दीर्घ स्वर असेल किंवा ते व्यंजनाने बंद होत असेल, तर आघात त्यावर, नाहीतर तिसऱ्यावर. त्यापलीकडे नाही. 'ते राहतात' म्हणजे हा-बि-तान्त्. 'बि' हलकं, म्हणून आघात 'हा'वर. पुढे 'ह्' गेला, शेवटचा 'त्' गळाला आणि 'न्'ला 'ओ' जोडला गेला: आ-बि-ता-नो. एक अक्षर वाढलं, आघात होता तिथेच राहिला. 'घडतात'चंही तसंच. म्हणजे नियम मोडलेला नाही. नियम लागू झाल्यानंतर शब्द लांबला. डेटात अपवाद दिसला की या दोन शक्यता वेगळ्या करून बघायच्या असतात, आणि नुसत्या आजच्या रूपांवरून ते जमत नाही.

उलटही घडलं. 'त्याने गायलं' म्हणजे कान्-ता-वित्, आघात दीर्घ 'ता'वर. बोलीत 'इ' गळून 'कान्ताउत्' झालं, मग 'त्' जाऊन 'आउ'चा 'ओ' झाला: 'कान्तो'. शेपूट तुटलं आणि आघात टोकाला आला. 'मी गातो' हेसुद्धा 'कान्तो'च, पण आघात 'कान्'वर.

अक्षर कुठे तुटतं यावर स्वरही ठरला. 'हलवणे'मधलं लॅटिन 'मो' स्वरावर संपतं. आघात आल्यावर तिथे 'मुओवो' झालं. 'झोपणे'मधलं 'दोर्' व्यंजनाने बंद, म्हणून 'दोर्मो' तसंच राहिलं. 'आम्ही हलवतो'मध्ये आघात पुढे सरकतो, म्हणून जुनं रूप 'मोव्यामो'. आता मात्र बरेच जण इतर रूपांकडे बघून 'मुओव्यामो' म्हणतात.