रंगाची साक्ष : कॉर्व्हेट मोटारीची बांधणी आणि रंगलेपन (१९५३–१९८४)

औद्योगिक इतिहासाच्या ग्रंथांत मोटारीच्या एंजिनाला जे स्थान मिळते ते तिच्या रंगाला मिळत नाही. रंग हा सर्वांत शेवटी चढविला जाणारा, केवळ शोभेचा आणि म्हणून गौण, अशी समजूत त्यामागे असते. परंतु कारखान्यात काम कसे झाले याचा पुरावा शोधू जाता तो रंगविलेल्या पृष्ठभागावरच अधिक स्पष्टपणे सापडतो. चकाकणारा रंग खालचे दोष झाकतो असे सामान्यतः मानले जाते. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. पृष्ठभाग जितका तुळतुळीत, तितके त्यातील प्रतिबिंब रेखीव; आणि प्रतिबिंब जितके रेखीव, तितका खालचा लहानसा उंचवटाही त्यात वाकडा होऊन दिसतो. खडबडीत भिंतीवर जो पोचा कोणाच्या लक्षात येत नाही तोच आरशात तत्काळ दिसावा, तसे हे आहे. या अर्थाने रंग हा मोटारीच्या बांधणीचा साक्षीदार होय. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या शेव्हरोले विभागाने १९५३ पासून बनविलेल्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स मोटारीचा इतिहास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

१

कॉर्व्हेटच्या वाट्याला जी रंगपद्धती आली तिची पूर्वपीठिका प्रथम पाहिली पाहिजे. आरंभीच्या मोटारींना घोडागाड्यांप्रमाणेच तेलरंग आणि रोगण यांचे अनेक हात देत असत. प्रत्येक हात वाळू द्यावयाचा, घासावयाचा आणि मग पुढचा द्यावयाचा, या क्रमात एका गाडीचे रंगकाम कित्येक आठवडे चाले. हेन्री फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ने यातून एक वाट काढली, १९१४ ते १९२५ या काळात ही गाडी केवळ काळ्या रंगात मिळे. १९२३ साली जनरल मोटर्स आणि ड्यू पाँ यांच्या सहकार्यातून ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्यूलोजचे लॅकर मोटारींसाठी उपयोगात आले आणि १९२४ च्या ओकलंड गाडीवरील निळ्या रंगाने त्याची प्रसिद्धी झाली.

लॅकरचा गुणधर्म येथे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण पुढील सर्व विवेचनाचा तोच पाया आहे. लॅकर वाळते ते त्यातील द्रावक उडून गेल्यामुळे. त्यात रासायनिक बदल घडत नाही. त्यामुळे वाळलेल्या लॅकरवर पुन्हा लॅकर फवारले असता जुना थर किंचित विरघळून नव्याशी एकजीव होतो. डाग पडला तर तेवढाच भाग घासून पुन्हा रंगविता येतो आणि शेवटी पॉलिश करून दुरुस्तीची खूणही मिटविता येते. थोडक्यात, लॅकर हा क्षमाशील रंग होता. या क्षमाशीलतेने केवळ रंगाऱ्याचे काम सोपे केले असे नव्हे. तिने कारखान्यातील एक मनोवृत्तीही घडविली. आज राहिलेली चूक उद्या घासून काढता येईल, ही ती मनोवृत्ती होय.

२

जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्क येथील वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात भरलेल्या ‘मोटोरामा’ प्रदर्शनात हार्ली अर्ल यांच्या मार्गदर्शनाखाली घडविलेली पहिली कॉर्व्हेट लोकांसमोर आली. त्याच वर्षी ३० जूनला मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे उत्पादन सुरू झाले. वर्षअखेरपर्यंत फक्त ३०० गाड्या तयार झाल्या. त्या सर्व पांढऱ्या असून त्यांची अंतर्सजावट लाल होती. गाडीची काया पोलादी पत्र्याची नव्हती. काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर राळ यांपासून होणाऱ्या फायबरग्लासची ती होती. पोलादासाठी लागणारे अवजड साचे अत्यंत खर्चिक असत आणि ते तयार होण्यास वेळही फार लागे; थोड्या संख्येने निघणाऱ्या गाडीला हा खर्च परवडणारा नव्हता. ओहायओ राज्यातील ॲश्टब्यूला येथून फायबरग्लासचे तुकडे येत आणि कारखान्यात ते एकमेकांस चिकटवून अखंड काया सिद्ध केली जाई.

येथेच रंगाऱ्याची अडचण सुरू झाली. पोलादी पत्रा साच्यातून निघतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग जवळजवळ रंगास योग्य असतो. त्या काळच्या फायबरग्लासचे तसे नव्हते. राळ घट्ट होताना आकसते आणि आतील तंतूंची वीण पृष्ठभागावर उमटते. राळेत अडकलेल्या हवेमुळे टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. तुकडा साच्याला चिकटू नये म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश उरला तर त्या जागेवरून रंग मागे सरतो. सर्वांत त्रासदायक म्हणजे सांधे. दोन तुकड्यांच्या मागे पट्टी चिकटवून आणि पुढची फट लांबी भरून, घासून सपाट केली, तरी काही महिन्यांच्या ऊनपावसानंतर सांध्याची रेषा रंगातून पुन्हा वर येई. कारण भोवतालची काया आणि भरलेली लांबी यांचे आकुंचन-प्रसरण सारखे नसते.

पहिल्या सर्व गाड्या पांढऱ्या का, याची चर्चा या संदर्भात करता येईल. एकच रंग ठेवल्याने नव्या कारखान्यातील काम सुटसुटीत झाले, हे उघड आहे. शिवाय पृष्ठभागाची असमानता पांढऱ्या रंगात सर्वांत कमी आणि काळ्यात सर्वांत अधिक दिसते, हा रंगकामातील सार्वत्रिक अनुभव आहे. पांढऱ्याच्या निवडीमागे हा हेतू असो वा नसो, तिचा परिणाम नवख्या बांधणीच्या पथ्यावर पडणारा होता. १९५४ साली उत्पादन सेंट लुईस येथे गेल्यानंतर निळा, लाल आणि काळा हे रंग दाखल झाले आणि साक्षीदार अधिक बोलका झाला.

३

कारखान्याच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित पुरावा म्हणजे तेथील कामकऱ्यांची दोषवाचक शब्दसंपत्ती. रंगशाळेतील इंग्रजी बोलीत दोषांना जी नावे पडली आहेत त्यांचे अर्थ पाहण्यासारखे आहेत. फवाऱ्याचा दाब किंवा द्रावकाचे प्रमाण चुकून पृष्ठभाग बारीक खळग्यांचा झाला की त्याला ‘संत्र्याची साल’ म्हणतात. तेलकट अंशावरून रंग मागे सरून जो वाटोळा खळगा पडतो तो ‘माशाचा डोळा’. दमट हवेत लॅकरवर पांढुरकी छटा आली की रंग ‘लाजला’ असे म्हणतात. ही सारी नावे डोळ्याला जे दिसते त्याचे वर्णन करतात. दोष कोठे उत्पन्न झाला हे ती सांगत नाहीत. ‘माशाचा डोळा’ रंगशाळेत दिसतो, परंतु त्याचे मूळ बहुधा साच्यापाशी झालेल्या हयगयीत असते. ज्याच्यासमोर दोष प्रकट झाला त्याच्याच माथी तो मारला जाण्यास ही परिभाषा नकळत साह्यभूत होते.

मराठीत रंगाच्या थराला ‘हात’ म्हणतात. थराला जाडी असते, हाताला कर्ता असतो. सेंट लुईसच्या कारखान्यात या शब्दाचा अर्थ अक्षरशः खरा होता. काचेच्या धुळीने अंगाला खाज सुटत असता तासन् तास सांधे घासणारे आणि द्रावकाच्या वासात फवारा चालविणारे कामगार, हेच तेथील गुणवत्तेचे प्रमुख साधन होते.

४

या साधनाला मर्यादा होती, आणि ती संख्येने उघड केली. १९५३ च्या ३०० गाड्यांवरून उत्पादन १९६७ मध्ये २२,९४० वर आणि १९६८ मध्ये २८,५६६ वर गेले. १९६८ चा नमुना सर्वस्वी नव्या आकाराचा होता. तो मुळात एक वर्ष आधी यावयाचा होता, पण लांबला होता. नवा आकार, नवे साचे आणि वाढता वेग एकत्र आले आणि त्यांचा भार शेवटच्या घासण्यापुसण्यावर पडला. त्या वर्षी ‘कार अँड ड्रायव्हर’ या नियतकालिकाचे संपादक स्टीव्ह स्मिथ यांनी, परीक्षणासाठी मिळालेली कॉर्व्हेट इतकी सदोष बांधणीची आहे की तिची चाचणीच घेता येत नाही, अशी भूमिका जाहीरपणे घेतली. एंजिनाच्या सामर्थ्याबद्दल वाद नव्हता. आक्षेप होता तो सुघटितपणाच्या अभावावर. तरीही मागणी घटली नाही. १९६९ मध्ये ३८,७६२ गाड्या बनल्या आणि १९७९ मध्ये ही संख्या ५३,८०७ झाली. ग्राहक दोष पत्करून गाडी घेत होता, तोवर दोष मुळातून काढण्याची निकड व्यवस्थापनाला भासली नाही, असा निष्कर्ष या आकड्यांवरून काढणे अवास्तव ठरू नये.

मात्र सुधारणा झालीच नाही असे नव्हे. १९७० च्या दशकात तंतू आणि राळ यांचे आधीच सिद्ध केलेले लगद्यासारखे पत्रे तप्त साच्यात दाबून तुकडे बनविण्याची पद्धत रूढ झाली आणि पृष्ठभाग पुष्कळ सुधारला. रंग मात्र लॅकरच राहिला. काळाच्या ओघात त्याचा दुसरा अवगुण, म्हणजे जुना होताना ठिसूळ होऊन तडकणे, तोही प्रत्ययास येत होता. शिवाय लॅकरमध्ये द्रावकाचे प्रमाण मोठे असते आणि ते सर्व शेवटी हवेत जाते. १९७० च्या हवाशुद्धीविषयक कायद्यानंतर अमेरिकेतील रंगशाळांना ही गोष्ट उत्तरोत्तर जड जाऊ लागली.

५

निर्णायक बदल १९८१ मध्ये झाला. १ जूनला केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन येथे नव्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले आणि १ ऑगस्टला सेंट लुईसची शेवटची कॉर्व्हेट बाहेर पडली. मधले दोन महिने दोन्ही ठिकाणी एकच गाडी बनत होती. पण सेंट लुईसची गाडी लॅकरने रंगविलेली, तर बोलिंग ग्रीनची एनॅमलचा रंग आणि त्यावर पारदर्शक लेप दिलेली होती. एकाच वर्षाच्या, एकाच आकाराच्या गाड्यांत दोन युगे शेजारी शेजारी उभी राहिल्याचे असे उदाहरण विरळा.

या बदलाचा अर्थ केवळ रासायनिक नाही. एनॅमल रासायनिक क्रियेने पक्के होते आणि एकदा पक्के झाले की पुन्हा विरघळत नाही. वरवरचा दोष घासून काढता येतो, पण खोल दोषासाठी संपूर्ण भागच पुन्हा रंगवावा लागतो. भट्टीत तापविताना छिद्रात अडकलेली हवा फुगली तर नवा फोड येतो तो निराळाच. अर्थात क्षमाशीलता संपली. चूक शेवटी निस्तरण्याची वाट अरुंद झाली, तेव्हा ती आरंभीच टाळणे भाग पडले. गुणवत्तेचे केंद्र रंगशाळेतून मागे सरकून साच्याकडे आणि आराखड्याकडे गेले. १९८३ हे नमुना-वर्ष वगळून १९८४ साठी आलेल्या नव्या कॉर्व्हेटमध्ये हे स्पष्ट दिसते. तिच्या कायेचे वरचे आणि खालचे भाग जेथे मिळतात ती रेषा सभोवार फिरणाऱ्या काळ्या पट्टीखाली घेतली होती. जो सांधा तीस वर्षे कामगार घासत आले तो आराखडाकाराने एका रेघेने रंगाच्या कक्षेबाहेर नेला.

६

रंगच नको म्हटले तर हा प्रश्न सुटतो काय, याचेही उत्तर त्याच वर्षी मिळाले. जनरल मोटर्समधून बाहेर पडलेल्या जॉन डेलोरियन यांच्या कंपनीने १९८१ मध्ये बेलफास्टजवळील डन्मरी येथे जी स्पोर्ट्स मोटार काढली तिच्यावर न रंगविलेले गंजरोधक पोलादी पत्रे होते. परंतु लांबी आणि रंग यांचा आडोसा गेल्याने पत्र्यांमधील प्रत्येक असमान फट उघडी पडली आणि पोचा भरून झाकण्याची सोय उरली नाही. नव्याने शिकलेल्या कामगारांनी बांधलेल्या आरंभीच्या गाड्या अमेरिकेत उतरल्यावर खास केंद्रांत दुरुस्त कराव्या लागल्या. १९८२ मध्ये उत्पादन थांबले तेव्हा सुमारे ९,००० गाड्या झाल्या होत्या. साक्षीदार दूर केल्याने साक्ष टळली नाही.

सारांश, कारखान्यातील सफाई ही शेवटच्या हाताची करामत नसून पहिल्या साच्यापासूनच्या सर्व निर्णयांची बेरीज असते. सेंट लुईसच्या कामगारांनी घासून, भरून, पुन्हा रंगवून जे साधले ते त्यांचे कौशल्य होते. त्यांच्या हातून जे निसटले त्यातील पुष्कळसे मात्र त्यांच्याकडे येण्यापूर्वीच बिघडलेले होते. औद्योगिक गुणवत्तेचा इतिहास लिहिताना दोष कोठे दिसला आणि कोठे जन्मला या दोन प्रश्नांची गल्लत केली, तर दोष पाहणाऱ्यालाच दोषी ठरविण्याची चूक इतिहासकाराच्या हातूनही घडेल.