चित्र पळतंय, लवकर या
पुण्यात टीव्ही आला १९७३ साली. मुंबई दूरदर्शन आदल्या वर्षी २ ऑक्टोबरला सुरू झालं होतं, त्याचेच कार्यक्रम सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून आमच्याकडे दिसू लागले. म्हणून गच्च्यांवरचे अँटेना गडाकडे तोंड करून असत. मी टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात शिरलो सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, बुधवार पेठेतल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. तापकीर गल्ली जवळच, त्यामुळे सुटे भाग आणण्याचं काम माझ्याकडे.

दुकानात येणारे निरोप ठरलेले असत. ‘पडद्यावर मुंग्या आल्यात’ किंवा ‘चित्र पळतंय, लवकर या’. त्यातल्या कितीतरी घरी पिशवीतून सोल्डरिंगची गन काढावीच लागत नसे. मुंग्या आल्या म्हणजे सिग्नल कमी पडतोय. वाऱ्याने अँटेना फिरलेला असायचा, संक्रांतीच्या सुमारास मांज्याने ओढून वाकलेला, नाहीतर चपटी वायर स्क्रूपाशी गंजून तुटलेली. वायर सोलायची, स्क्रू आवळायचा, खाली उतरायचं.

चित्र पळण्याचं कारण मात्र घरातच असे. त्या ब्लॅक अँड व्हाइट सेटना व्हर्टिकल होल्डचा नॉब असायचा, बऱ्याचदा मागच्या बाजूला. केंद्राकडून सेकंदाला ५० वेळा इशारा येतो आणि सेटमधलं सर्किट त्याच्या तालावर चालतं. नॉब हलला की ताल सुटतो. धूळ पुसताना फडक्याचा धक्का लागला तरी पुरे. आमच्या दुकानाच्या मालकांची रीत अशी: घरातल्या कुणाला तरी आरसा घेऊन पडद्यासमोर उभं करायचं, आपण सेटमागे जायचं आणि आरशात बघत दोन बोटांनी नॉब फिरवायचा. दोन चित्रांमधला काळा पट्टा आधी भरभर वर चढतो, मग रेंगाळतो, मग पडद्याबाहेर सरकतो आणि बातम्या देणारी बाई जागेवर स्थिर होते.

मग घरातले ओशाळत. एवढ्यासाठी माणसाला बोलावलं! मेकॅनिकची पारख व्हायची ती या क्षणी. ‘पिक्चर ट्यूब गेली’ म्हणून सेट उचलून नेणारेही या धंद्यात होते, आणि त्यांनी सगळ्यांचंच नाव खराब केलं. आमचे मालक नॉब दाखवायचे, घरातल्याच कुणाच्या हाताने फिरवून घ्यायचे आणि नेलपॉलिश मागून योग्य जागी एक ठिपका द्यायचे. पैसे फक्त व्हिजिटचे. तेही न चुकता घ्यायचे, कारण सायकलवरून येण्याजाण्यात अर्धी सकाळ गेलेली असे. मला हे तेव्हाही पटलं, आजही पटतं. १९८२ मध्ये एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आले, तेव्हा कोणता सेट घ्यावा हे विचारायला हीच घरं आमच्याकडे आली.

१९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारची सकाळ आमच्या धंद्यात सर्वांत धावपळीची ठरली. मालिका सुरू व्हायच्या आत चित्र हवं असायचं. बहुतेक ठिकाणी फ्यूज, नाहीतर ढिली पिन.

पुढे सेट स्वतःच ताल धरू लागले, होल्डचे नॉब गेले. केबल आली, २०१३ मध्ये पुण्यात सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले. आता ‘नो सिग्नल’ म्हणून फोन येतो आणि रिमोटवरचं सोर्सचं बटण चुकून दाबलेलं असतं. कॉल सेंटरवाला आधी ‘प्लग लावलाय का?’ विचारतो तेव्हा लोकांना राग येतो. पण तो प्रश्न आमच्या पिढीच्या अनुभवातून आलाय आणि योग्यच आहे.

तुमच्याकडे कुणी आला आणि दोन मिनिटांत काम झालं, तर व्हिजिटचे पैसे कुरकुर न करता द्या. आणि कोणतं बटण दाबलं, ते त्याच्याकडून समजून घ्या.