काथ्याच्या टाक्यांची होडी

गेल्या वर्षी आमच्या गटाच्या अकरा जणी केरळात गेलो होतो. आलप्पुळ्याला, म्हणजे अलेप्पीला, हाउसबोट दिवसभरासाठी घेतली. दोन्ही बाजूंना माड, मधून पाणी आणि बांधापलीकडे पाण्यापेक्षा खाली असलेली भातशेती! ते कुट्टनाड. तिथली शेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे, बांध घालून राखलेली. दुपारी तळलेलं करीमीन खाल्लं आणि निम्म्या जणी तिथेच आडव्या झाल्या. वर्षातून एक दिवस कुणासाठी काही रांधायचं नाही, हेही सुख असतंच ना!

ही बोट मुळात सहलीची नव्हेच. तिचं नाव केट्टुवल्लम. केट्टु म्हणजे बांधणं, वल्लम म्हणजे होडी. रान-फणसाच्या जातीच्या झाडाच्या फळ्या, त्याला तिकडे अंजिली म्हणतात, काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवायच्या. खिळा एकही नाही. वरून काजूपासून काढलेला काळा लेप. टाके झिजले तर उसवून पुन्हा घालता येतात, फळी फुकट जात नाही. अशा होड्यांतून कुट्टनाडचा भात, नारळ, मसाले कोचीच्या बंदरात जायचे. बांबूच्या लांब काठ्या पाण्यात रोवून माणसं होडी पुढे ढकलत. पुढे रस्ते आले, ट्रक आले, होड्या किनाऱ्याला पडून राहिल्या. १९९० च्या सुमारास त्यांच्यावर चटयांचं छप्पर घालून पर्यटकांसाठी खोल्या केल्या, आणि वल्लमला पुन्हा काम मिळालं.

शिवलेल्या होड्यांची रीत जुनी आहे. १४ व्या शतकातला प्रवासी इब्न बतूता मलबारला आला होता. त्यानेही काथ्याने शिवलेल्या जहाजांविषयी लिहून ठेवलंय.

बोटीवरचा माणूस हे सगळं छान सांगत होता. सुतार, मालक, राजे. तेवढ्यात आमच्या काकींनी एक टाका बोटाने चाचपला नि म्हणाल्या, "अगो, हो तर आपलो सुंभ!" काकींच्या आईने जन्मभर सोडणं कुटली होती. मग मी विचारलं, हा सुंभ वळला कोणी? तो म्हणाला, "बायका." आणि पुढे बोलायला लागला.

तिथेच मला थांबावंसं वाटतं. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात सहा-आठ महिने कुजत ठेवतात. वास असा की जवळ उभं राहवत नाही. मग बाहेर काढून दांडक्याने बडवायची, हातांची सालं निघतात. मग रहाट. एक जण चाक फिरवते आणि बाकीच्या काथ्या सोडत सोडत उलट्या पावली मागे चालतात. दिवसभरात किती मैल चालत असतील! १८५९ मध्ये जेम्स डॅरा या परदेशी माणसाने आलप्पुळ्यात काथ्याचा पहिला कारखाना काढला. तिथे मागावर बसून चटया विणायचं काम मुख्यतः पुरुषांकडे आलं. सूत वळणं मात्र घराच्या अंगणात, बायकांकडे राहिलं, आणि तेच सगळ्यात कमी मोलाचं ठरलं. पुरुषांचा तो कारखाना, बायकांचा तो "फावला वेळ".

आम्ही त्या माणसाला पुन्हा विचारलं की किलोला किती मिळतात. त्याला माहीत नव्हतं. काकी म्हणाल्या, "धक्क्यार उतरलंव की बाजूच्या घरात विचारतलंय." आणि खरंच विचारायला गेल्या.