उदरदुखापत, बालछळजन्य
मुलाच्या पोटावर ठोसा, लाथ यांसारखा आघात मुद्दाम केल्याने अंतर्गत अवयवांना होणारी इजा. सी. हेन्री केंप व सहकाऱ्यांच्या १९६२ मधील अमेरिकेतील निबंधाने बालछळाकडे वैद्यकाचे लक्ष वेधले (पहा : बालछळ). आघाताने ग्रहणी व स्वादुपिंड मणक्यावर चिरडले जातात, यकृत फाटते किंवा लहान आतड्याला छिद्र पडते. पोटावर वळ अनेकदा नसतो. हिरवट उलटी, पोटफुगी, फिकटपणा, उपचारास विलंब आणि इजेशी न जुळणारा खुलासा ही संशयसूचक लक्षणे होत. रक्तातील यकृताची एंझाइमे (एएसटी, एएलटी) ८० एकक प्रतिलिटरहून अधिक आढळल्यास सीटी स्कॅन करतात (पहा : यकृत). छळजन्य बालमृत्यूंत डोक्याच्या दुखापतीखालोखाल हिचा क्रम लागतो. भारतात संशयाची माहिती १०९८ या हेल्पलाइनवर देता येते.