शिष्यवृत्ती की दक्षिणा?

'शिष्यवृत्ती' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्याची फोड करून पाहावी असे सहसा कुणाला वाटत नाही. वृत्ती म्हणजे उपजीविका. जो अजून शिकतो आहे त्याच्या पोटापाण्याची सोय, ती शिष्यवृत्ती. दक्षिणेचे तसे नाही. विद्या संपादन झाल्यावर आणि ती चारचौघांत सिद्ध झाल्यावर मान म्हणून मिळते ती दक्षिणा. महाराष्ट्रात विद्येला आणि बलोपासनेला मिळालेल्या आश्रयाचा इतिहास पाहिला, तर हे दोन व्यवहार एकमेकांत मिसळून गेलेले दिसतात. नाव पहिल्याचे उरले आणि रीत बहुधा दुसऱ्याची चालत आली. खेळाडूंना मिळणारे साहाय्य न्याय्य आहे का, हा आजचा प्रश्नही या गल्लतीपासून वेगळा काढता येत नाही.

या कथेचा आरंभ मावळात होतो. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी विद्वान ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा वाटण्याचा प्रघात पाडला. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पहिल्या बाजीरावाविरुद्ध लढताना पडले. दाभाड्यांचे वैभव ओसरले आणि दक्षिणेचा सोहळा पेशव्यांनी पुण्यास नेला. पर्वतीच्या पायथ्याशी, रमण्यात तो होऊ लागला. शास्त्री-वैदिकांची परीक्षा घेऊन त्यांच्या योग्यतेप्रमाणे रक्कम ठरत असे. म्हणजे गुणवत्ता मोजली जात होती, यात शंका नाही. ती मोजून घेण्याचा अधिकार मात्र जन्माने ठरलेला होता.

पेशवाईनंतर इंग्रजांनी दक्षिणेच्या निधीतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. १८४९ च्या सुमारास लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला, की या निधीचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. पुण्यात त्यावरून मोठे वादळ उठले. पुढे 'दक्षिणा प्राइझ कमिटी' आली, महाविद्यालयांत 'दक्षिणा फेलो' आले. भांडारकर आणि रानडे हे दोघेही या फेलोंपैकीच. मराठी गद्याच्या अभ्यासकाला हा इतिहास परिचित असतो. त्यातील एक गोष्ट आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे. भांडण रकमेपुरते नव्हते. विद्या कशाला म्हणावे आणि तिचा अधिकारी कोण, यावरून ते पेटले होते.

शरीराच्या विद्येला या निधीत कधी स्थान मिळाले नाही. लोणावळ्याला १९२४ मध्ये 'कैवल्यधाम' स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांचे चरित्र या संदर्भात बोलके आहे. त्यांचा जन्म १८८३ चा आणि योगायोगाने डभईचाच. १९०३ मध्ये मॅट्रिकला त्यांना संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. व्यायामविद्या मात्र ते बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात शिकले. संस्कृताला परीक्षा होती, निकाल होता, वृत्ती होती. आखाड्याच्या जगात गुरूची कृपा आणि शिष्याची सेवा एवढाच हिशेब चाले.

याला सन्माननीय अपवाद कोल्हापूरचा. शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले, पैलवानांच्या खुराकाची व्यवस्था लावली आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभारले. विद्यार्थी असो वा मल्ल, आधी त्याच्या अन्नाची सोय, पारख मागाहून, हे या धोरणाचे सूत्र. 'वृत्ती' या शब्दाला ते जागले, असे म्हणता येईल. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या राजाश्रयावर. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपर्यंत संस्थान विलीन झाले होते. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही कथा आपण अभिमानाने सांगतो, पण तिच्यात एक उणीवही नोंदलेली आहे. ज्या व्यवस्थेत पदकासाठी प्राचार्यांना घर गहाण टाकावे लागते, तिथे शिष्यवृत्ती नावाची गोष्ट अस्तित्वातच नसते.

अगदी दुसऱ्या टोकाचे उदाहरण अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलचे आहे. तिथे सगळाच हिशेब लेखी. पहिल्या श्रेणीतील महाविद्यालयाला बेसबॉलसाठी ११.७ एवढ्याच पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, आणि दीर्घकाळ त्या २७ खेळाडूंपर्यंत वाटल्या जात. सरासरी काढली तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धीही नाही. उरलेले शुल्क घरच्यांनी भरायचे. म्हणजे ज्याच्या घरी ऐपत आहे त्यालाच ही अपुरी वृत्ती स्वीकारणे परवडणार. २०२५-२६ पासून, न्यायालयीन तडजोड मान्य करणाऱ्या महाविद्यालयांसाठी, ही मर्यादा गेली आणि संघात ३४ खेळाडूंची मर्यादा आली. आता वाटणीचे बंधन नाही, पण संघात जागाच कमी. मर्यादा नाहीशी होत नाही, ती फक्त जागा बदलते, हे यातून दिसते.

आपल्याकडे 'खेलो इंडिया' योजनेने २०१७ मध्ये दरवर्षी १००० खेळाडू निवडून प्रत्येकाला वर्षाला पाच लाख रुपयांचे साहाय्य आठ वर्षे देण्याचे जाहीर केले. आठ वर्षांची ही मुदत खऱ्या अर्थाने वृत्तीची आहे. महाराष्ट्रातील दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के आरक्षण हे मात्र पराक्रमानंतरचे. रमण्यातल्या दक्षिणेशी त्यांचे नाते अधिक जवळचे.

पुन्हा मावळात येऊ. तळेगावपासून जवळच असलेल्या वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ च्या मे महिन्यात ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे ४५ किलो गटात एकूण १५३ किलो वजन उचलून कनिष्ठ गटाच्या जागतिक भारोत्तोलन स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. तिचे शिक्षण वडगावातच, बिहारीलाल दुबे यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. सत्कार झाले ते पदकानंतर, आणि ते योग्यच होते. पण पदकाआधीच्या वर्षांचा खुराक, प्रवास आणि साधने यांचा खर्च कुणी करावा, या प्रश्नाला सत्कार हे उत्तर होऊ शकत नाही.

निधी मर्यादित असणे हा अन्याय नव्हे. तो दाभाड्यांचाही मर्यादितच होता. अन्याय होतो तो दोन ठिकाणी : परीक्षेला कोण बसू शकेल हे आधीच ठरलेले असते तिथे, आणि परीक्षा संपल्यावरच ताट वाढले जाते तिथे. पहिल्या अन्यायाविरुद्ध लोकहितवादींच्या पिढीने अर्ज तरी केला. दुसऱ्याला आपण अजूनही शिष्यवृत्तीच म्हणतो.